बादली हलवण्याबाबत

कार्यशाळा नापास झाली, माझं पद रद्द झालं आणि माझी नोकरी वाचली. तिन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी, पंधरा मिनिटांत आणि याच क्रमाने घडल्या. पण आमच्या संग्रहालयात जी गोष्ट आवक-जावक वहीत नसते ती घडलेली नसते, आणि यातली एकही त्या वहीत नाही. तेव्हा तुम्हीही वरचं वाक्य वाचलेलं नाही. आज एकोणतीस तारीख आहे, सकाळचे साडेआठ वाजलेत, अजून काहीही झालेलं नाही, आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा पीत दादाशी भांडते आहे.

"नळी तुंबलीय," दादा म्हणाला.

दादा एसी आणि फ्रीज दुरुस्त करतो. त्याच्या मते जगातल्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी तुंबलेली नळी असते. आईचं पचन, शेजारच्यांचा संसार, माझं करिअर, सगळं.

"एसीच्या मागून एक पातळ नळी निघते. तिच्यात कचरा बसला की पाणी पुढून गळतं. शिडी लावायची, नळी काढायची, एक फुंकर मारायची. दहा मिनिटं."

"तिथे शिडी लावता येत नाही."

"का?"

"एका बाजूला काचेचं कपाट आहे, दुसऱ्या बाजूला चित्र. मधे जेवढी जागा आहे तिथे बादली आहे."

"मग बादली सरकव ना, बये!"

"सरकवता येत नाही."

आई माझ्या डब्याचं झाकण लावत होती. तिने काळजीने विचारलं, "एवढी जड आहे का गं?"

"जड नाहीये आई. तिला नंबर आहे."

हे संभाषण आमच्या घरी गेले अकरा महिने दर आठवड्याला होतं, आणि दर आठवड्याला इथेच संपतं. दादा कपाळावर हात मारतो, आई मला डबा देते आणि मी कामावर जाते.

नंबराचं असं झालं. आमच्या दालन क्रमांक तीनमध्ये 'पाणचक्कीपाशी दुपार' नावाचं मोठं तैलचित्र आहे. जुनं आहे, नाजूक आहे, त्याला दमट हवा चालत नाही, म्हणून तिथला एसी कधीही बंद करायचा नाही असा लेखी आदेश आहे. तो एसी गळतो. म्हणून कोणीतरी त्याच्याखाली निळी प्लास्टिकची बादली ठेवली. मग चार वर्षांपूर्वी वार्षिक मोजणी आली.

मोजणी करतात नोंद विभागातले काका. ते जगातल्या प्रत्येक गोष्टीला नग म्हणतात, म्हणून त्यांना सगळे नगकाका म्हणतात. त्यांचा नियम सरळ आहे: मोजणीच्या दिवशी दालनात जे विनानंबर आढळेल त्याला नंबर द्यायचा. नियम चांगल्या हेतूने केलेला होता. त्याआधी एक लहानसा दगडी सिंह नंबर नसल्यामुळे सहा वर्षं कार्यालयाचं दार उघडं ठेवण्याच्या कामी लागला होता. तर काकांना बादली दिसली. त्यांनी तिच्या कडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आणि वहीत लिहिलं: "३/११८. पात्र, निळे. माध्यम: प्लास्टिक, तार. काळ: अज्ञात. एक नग."

त्या दिवसापासून बादलीला हात लावायचा तर पांढरे हातमोजे घालावे लागतात आणि जागेवरून हलवायचं तर हालचाल समितीची परवानगी लागते.

पाणी मात्र गळायचं थांबलं नाही. पाण्याला नंबर नाही. त्यामुळे दालनाच्या राखणदार मावशी रोज स्टीलच्या पेल्याने ती बादली उपसतात. उकिडवं बसायचं, पेला बुडवायचा, उठायचं, बाहेरच्या बेसिनमध्ये ओतायचा, परत यायचं. दिवसाला चाळीसेक पेले. मावशी बसतात तेव्हा त्यांच्या गुडघ्यातून एक आवाज येतो आणि उठतात तेव्हा दोन. पर्यटकांना वाटतं जुनी लाकडी जमीन आहे. जमीन फरशीची आहे.

आता माझ्याबद्दल. मी शिक्षण सहायक. हे पद तात्पुरतं आहे, आणि ते पुढे चालू राहणार की नाही हे आजच्या दिवसावर होतं. कारण आमचे संचालक तीन महिन्यांपूर्वी एका परिषदेला जाऊन आले होते. परिषदेला गेलेला माणूस कापडी पिशवी घेऊन परत येतो. आमचे संचालक पिशवी आणि एक शब्द घेऊन आले.

"सिस्टिम्स थिंकिंग," ते म्हणाले, आणि हवेत दोन्ही हातांनी कलिंगड धरल्यासारखं केलं. "चित्र हे नुसतं बघायचं नसतं. चित्र म्हणजे एक व्यवस्था. त्यात काय कशावर अवलंबून आहे? काय वाढलं की काय वाढतं? काय घटतं? हे सगळं शोधून त्याचं मॉडेल करायचं. शिक्षकांना शिकवू, शिक्षक मुलांना शिकवतील, मुलं..." इथे त्यांना पुढचं सुचलं नाही, पण कलिंगड त्यांनी आणखी मोठं केलं.

रीत त्यांनी परिषदेतूनच आणली होती. चित्रातल्या गोष्टी कागदाच्या पट्ट्यांवर लिहायच्या. एक वाढली की दुसरी वाढते असं असेल तर दोघींमध्ये लाल लोकर धरायची. एक वाढली की दुसरी घटते असं असेल तर निळी. आणि लोकर फिरत फिरत जिथून निघाली तिथेच परत आली, की झालं चक्र. चक्र सापडलं म्हणजे व्यवस्था सापडली.

"एकोणतीस तारखेला पाच वाजता मी येऊन बघेन," ते म्हणाले. "पाणचक्कीच्या चित्रासमोर, शिक्षकांनी स्वतः केलेलं एक मॉडेल, त्यात निदान एक पूर्ण चक्र. असलं तर तुझं पद पुढे चालू. नसलं तर तीस तारखेपासून रद्द. आणि तू काही सांगायचं नाहीस हं. त्यांना सापडलं पाहिजे."

अडचण एवढीच होती की त्या चित्रात चक्र नाही. मी अकरा आठवडे शोधलं. नदी डावीकडून येते, चाक फिरवते आणि उजवीकडून चौकटीबाहेर निघून जाते. धान्याची पोती गाढवावरून येतात आणि पिठाची पोती गाढवावरून चौकटीबाहेर जातात. धुणं धुणारी बाई सुद्धा घमेलं उचलून निघालेली आहे. त्या चित्रात प्रत्येकाला कुठेतरी जायची घाई आहे, आणि जे कोणी थांबलं आहे ते झोपलेलं मांजर आहे.

सकाळी फाटकावर "आज मोजणी" अशी पाटी होती. मी न वाचता तिच्याखाली सही केली. आमच्याकडे पाट्यांखाली सही करायची पद्धत आहे.

अकरा वाजता कार्यशाळेसाठी शिक्षक आले. आठ जण होते. त्यातल्या पाच जणांनी दिवसभरात एकदाही तोंड उघडलं नाही, त्यांचा मी इथे उल्लेख करत नाही. त्यांना बरं वाटेल. उरले तीन: गणिताच्या बाई, चित्रकलेचे सर आणि खेळाचे सर.

मी लोकरीचे गुंडे वाटले आणि विचारलं, "चित्रात काय दिसतं?"

"गाढवाचा मागचा पाय चुकलाय," चित्रकलेचे सर म्हणाले.

"ते सोडून काय दिसतं?"

"ते सोडवत नाही हो. एवढा मोठा चित्रकार, आणि पाय बघा. पाय कसला, टेबलाचा खूर आहे तो."

"सर, आपण व्यवस्था शोधतोय."

"ज्याला पाय काढता येत नाही तो व्यवस्था काय काढणार?"

गणिताच्या बाईंनी चष्मा पुसला. "पाणी किती वेगाने येतंय?"

"बाई, ते चित्र आहे."

"म्हणजे आकडे नाहीत."

"नाहीत."

"मग मॉडेल कशाचं करायचं? भावनेचं?"

जेवायच्या सुट्टीपर्यंत आमच्याकडे सहा पट्ट्या झाल्या होत्या: पाणी, चाक, धान्य, पीठ, गाढव, पाय. लाल लोकर पाण्यापासून निघून चाकाकडे, चाकाकडून पिठाकडे आणि पिठाकडून दाराबाहेर गेली होती, कारण पिठाच्या पुढे काय ते कोणालाच सांगता येईना.

दुपारी खेळाच्या सरांनी पहिल्यांदा चित्राकडे नीट बघितलं. "उंदीर," ते म्हणाले.

मी लगेच पुढे झाले. "कुठे?"

"दिसत नाहीत. पण मांजर आहे ना? पीठ आहे तिथे उंदीर येणार. उंदीर आले की मांजर धष्टपुष्ट. मांजर धष्टपुष्ट झालं की उंदीर कमी. उंदीर कमी झाले की मांजर उपाशी. मांजर उपाशी पडलं की परत उंदीर वाढले!"

हे चक्र होतं. अगदी पुस्तकातलं, गोल गरगरीत चक्र. मी निळी लोकर घेऊन धावले. पण गणिताच्या बाईंनी वाटेत हात आडवा केला.

"उंदीर चित्रात कुठे आहे?"

"नाही दिसत, म्हणजे मांजराने खाल्ले ना," खेळाचे सर म्हणाले.

"तसे तर वाघही दिसत नाहीत. तेही मांजराने खाल्ले का?"

"अहो बाई, वाघ आणि पीठ यांचा काय संबंध?"

"तेच मी विचारतेय. दिसत नाही ते घ्यायचं असेल तर मग मी व्याजदर घेते."

मी म्हणाले, "बाई, उंदीर घेऊ या ना." माझ्या आवाजात एवढी काकुळती होती की त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"का? तुमचं काही अडलंय का उंदरावाचून?"

मला सांगायची मनाई होती. मी म्हणाले, "नाही नाही, तुमचं तुम्ही शोधा." बाईंनी उंदराची पट्टी चार तुकडे करून पर्समध्ये टाकली. दालनात कचराकुंडी नाही. ठेवली असती तर तिलाही नंबर मिळाला असता.

पावणेचार वाजले. चित्रकलेचे सर गाढवाचा दुरुस्त पाय स्वतःच्या वहीत काढत होते. पाच मूक शिक्षकांपैकी दोघांनी लोकरीचं काहीतरी विणायला घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसात प्रगती म्हणून दिसण्यासारखं तेवढंच होतं. माझी नोकरी सव्वा तासाची उरली होती. खेळाचे सर उभे राहून कंटाळले. त्यांनी इकडेतिकडे बसायला जागा शोधली, बादली पाहिली, आणि ती उपडी करून तिच्यावर बसावं म्हणून कडीला हात घातला.

"हात लावू नका!" मावशी दारातून ओरडल्या. गेल्या अकरा महिन्यांत मी त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

सरांनी हात वर केले, जशी त्यांनी शिट्टी वाजवल्यावर मुलं करतात. "काय झालं? विजेचा झटका बसतो का?"

"तिला नंबर आहे," मावशी म्हणाल्या.

"बादलीला?"

"३/११८. हलवायची तर समितीची परवानगी लागते."

"मग मागा की परवानगी."

"समितीला आधी स्थिती-अहवाल लागतो. बादली कुठे चिरली आहे, कुठे पोचा आहे, असं सगळं."

"मग द्या अहवाल."

"अहवाल कोरड्या बादलीचाच करतात. चोवीस तास थेंब पडलेला नसला पाहिजे."

"मग एसी बंद करा."

चित्रकलेच्या सरांनी वहीतून मान वर केली. "भलतंच काय! रंग फुगतील. पाय आधीच तसा आहे."

"मग एसी दुरुस्त करा!" खेळाचे सर आता चिडले होते. माणूस बसायला जागा मागतो आणि त्याला प्रशासन मिळतं, तेव्हा चिडतोच.

मी थकलेल्या आवाजात म्हणाले, "माझा दादा दहा मिनिटांत करेल. पण शिडी लावायला बादली हलवावी लागते."

वरून बादलीत एक थेंब पडला.

"थांबा," गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून परत घातला. "परत सांगा. सावकाश. आणि मला कोऱ्या पट्ट्या द्या."

पुढच्या वीस मिनिटांत जे झालं ते मी अकरा आठवडे स्वप्नात बघत होते, फक्त स्वप्नात त्यात पाणचक्की असायची. बाई फरशीवर मांडी घालून बसल्या आणि लिहीत गेल्या: बादली हलणे. शिडी लागणे. नळी मोकळी होणे. गळती थांबणे. बादली कोरडी होणे. अहवाल होणे. परवानगी मिळणे. खेळाच्या सरांनी लाल लोकर पट्टीपट्टीतून फिरवली. परवानगीपासून निघालेली लोकर त्यांनी उचलली, बादलीपाशी नेली आणि जिथून सुरुवात झाली होती त्याच पट्टीवर ठेवली.

"अगं बाई," गणिताच्या बाई म्हणाल्या. "बंद झालं."

"पण सगळी लोकर लालच आहे," खेळाचे सर म्हणाले. "म्हणजे सगळं सगळ्याला वाढवतंय. मग हे चाललं पाहिजे धडाधड."

"चाललं असतं. एकदा सुरू झालं असतं तर. एक बादली हलली की शिडी लागली, की अहवाल झाला, की परवानगी, की पुढच्या वेळी हलवणं आणखी सोपं. पण आत्ता प्रत्येक पट्टीवर शून्य आहे." त्या बोटाने पट्ट्या मोजत गेल्या. "शून्याला कितीही वेळा फिरवा. शून्यच."

मावशी पेला हातात धरून बघत होत्या. बाईंनी त्यांना विचारलं, "गळतीचा आणखी कशावर परिणाम होतो?"

मावशी म्हणाल्या, "गुडघ्यांवर."

बाईंनी पट्टी लिहिली: मावशींचे गुडघे. गळतीपासून गुडघ्यांपर्यंत निळी लोकर धरली. मग त्या लोकरीचं दुसरं टोक हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिल्या.

"इथून पुढे लोकरीचा हा बाण कुठे जातो?" त्यांनी विचारलं.

खेळाचे सर पट्ट्यांमध्ये शोधू लागले.

"गुडघे दुखले की समितीचं काही वाढतं का? घटतं का? अहवालाचं? कोणाचं काही?"

"नाही," मी म्हणाले.

"म्हणूनच चाललंय चार वर्षं," बाई म्हणाल्या.

"जातो की बाण," मावशी म्हणाल्या. "मलमापर्यंत." आणि खाली बसून त्यांनी पुढचा पेला भरला. एक आवाज आला. मग उठताना दोन.

साडेचारला शिक्षकांची बस होती. अडचण अशी झाली की आमच्या फरशीला चिकटपट्टी लावायला बंदी आहे आणि एसीच्या वाऱ्याने पट्ट्या उडत होत्या. इतका वेळ आठ शिक्षक आठ ठिकाणी बोटं दाबून बसले होते. ते उठले की व्यवस्था दाराबाहेर गेली असती. शेवटी मी मधोमध बसले. दोन पट्ट्यांवर दोन पाय, दोन पट्ट्यांवर गुडघे, एकीवर कोपर, उरलेल्या तीन मांडीखाली टोकं दाबून, आणि लोकरीची शेवटची गाठ बोटांत.

"गाठ सोडू नका," बाई दारातून म्हणाल्या. "साहेब आले की दाखवा. आणि ते उंदरांचं मनावर घेऊ नका."

मावशी वरच्या मजल्याच्या खिडक्या लावायला गेल्या. दालनात मी, बादली आणि पाणचक्की. चक्र पूर्ण होतं. नोकरी वीस मिनिटांवर होती. डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण त्या पायाखाली 'परवानगी' होती, त्यामुळे तो हलवता येत नव्हता.

तेवढ्यात नगकाका आले. हातात वही, कानावर पेन, खिशात दोऱ्याच्या चिठ्ठ्या. ते भिंतीपासून मोजत आले. चित्र, कपाट, घड्याळ, बादली. मग माझ्यासमोर थांबले.

"नंबर?" त्यांनी विचारलं.

"काका, मी आहे."

"ते दिसतंय. नंबर काय?"

"मला नंबर नाहीये. मी शिक्षण सहायक."

"दालनात आहेस ना?"

"हो, पण..."

"ऊठ मग. बाहेर जा. मोजून होईपर्यंत माणसांनी बाहेर थांबायचं. सकाळी पाटीखाली सही केलीस तू."

"काका, मी उठले तर चक्र तुटेल. पाच वाजता साहेब येतायत. फक्त दहा मिनिटं."

काकांनी दालनातलं घड्याळ पाहिलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला. मग ते म्हणाले, "मोजणीच्या वेळी जे हलत नाही ते नग. मी तरी काय करू? ऊठ, नाहीतर नोंद होईल."

मला एकच चित्र दिसत होतं: मी उठले, पट्ट्या उडाल्या, संचालक आत आले आणि मी त्यांना हवेत कलिंगड करून दाखवलं. मी म्हणाले, "करा नोंद."

काकांनी माझ्या मनगटाला चिठ्ठी बांधली. सैल बांधली, हे सांगायला हवं. वहीत लिहिताना ते मोठ्याने म्हणत होते. "३/११९. रचना, बैठी. माध्यम: लोकर, कागद, व्यक्ती. स्थिती?"

"डाव्या पायाला मुंग्या."

"स्थिती: बरी. किरकोळ मुंग्या. काळ?"

"पाच वाजता कळेल," मी म्हणाले.

पाचला पाच कमी असताना संचालक आले. त्यांनी लाल लोकरीवरून हवेत बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर परिषदेतलं हसू आलं.

"चक्र पूर्ण आहे?"

"हो सर."

"शिक्षकांनी शोधलं?"

"त्यांनीच, सर."

"अप्रतिम." ते खाली वाकले आणि पट्ट्या वाचू लागले. हसू पट्टीपट्टीने कमी होत गेलं. "बादली? चित्रात बादली कुठे आहे?"

"चित्राच्या खाली आहे सर. ती काय."

"चित्राच्या खाली म्हणजे चित्रात नाही."

"सर, पण हे खरं आहे. हे इथे रोज चालू आहे. दादा म्हणतो दहा मिनिटांचं..."

"बघ," संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "व्यवस्था ही चौकटीच्या आत असते. चौकटीबाहेर जे असतं ते म्हणजे नुसत्या अडचणी." त्यांनी खिशातून छापील नमुना काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं: चक्र आढळले, चित्राबाहेरील, अमान्य. "बाकी लोकर छान आहे. उद्यापासून येऊ नकोस. शुभेच्छा."

मी गाठ सोडली. धरून ठेवायला काही उरलं नव्हतं. एसीच्या वाऱ्याने 'बादली कोरडी होणे' उडून बादलीत पडलं आणि भिजलं.

"साहेब," नगकाका कोपऱ्यातून म्हणाले, "असं पाठवता येणार नाही."

"कोणाला?"

"या नगाला. ३/११९."

"अहो, ती नग नाही. ती आपली ती आहे ना, ती..." संचालकांना माझं नाव कधीच आठवत नाही.

"चार सत्तेचाळीसपर्यंत होती. आता हालचाल समितीची परवानगी लागेल."

"खोडा ती नोंद."

"शाईने आहे, साहेब. आणि शाईची नोंद समितीशिवाय खोडू नये असा आदेश आहे. खाली सही तुमची."

संचालकांनी स्वतःची सही ओळखली. ती त्यांना आवडली असावी, कारण त्यांनी ती जरा जास्त वेळ पाहिली. "मग ठेवा समितीपुढे. उद्याच."

"ठेवतो. पण समिती विषय क्रमाने घेते. आधी ३/११८, मग ३/११९."

आम्ही तिघांनी बादलीकडे पाहिलं. तिच्यात एक थेंब पडला.

त्यानंतर दोन महिने झाले. पद रद्द आहे, पण नग असल्यामुळे मला दहा ते पाच दालनात हजर राहावं लागतं. नंबर असलेल्या नगाला देखभाल करणारं माणूस लागतं, आणि देखभालीसाठी प्रशासनाने माणूस शोधला तेव्हा मोकळी अशी मीच सापडले. मी माझी देखभाल करते आणि त्याचा पगार घेते. संध्याकाळी घरी जायचं तर हालचाल वहीत दोन सह्या लागतात. देणार म्हणून मावशी करतात, घेणार म्हणून दादा. रोजच्या हालचालीला समिती लागत नाही, कारण नग सकाळी परत येतो. हे काकांनीच शोधून काढलं, मी म्हटलं ना, ते वाईट माणूस नाहीत. पहिल्या दिवशी दादाने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "नळी तुंबलेली नाही." आईने डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, "सगळं खाल्लंय, म्हणजे स्थिती चांगली आहे."

मावशींना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा असेल तर त्या आधी पांढरे हातमोजे घालतात. मला वाटलं त्या चेष्टा करतात. तशा त्या करतातही. पण हातमोजे खरोखर घालतात.

मी दिवसभर बादलीशेजारी बसते आणि पेले मोजते. बेचाळीस, एकेचाळीस, पावसाळी हवा असेल तर पन्नास. मी मदत करू शकत नाही. एका नगाने दुसऱ्या नगाला हात लावायचा नाही. आता मला गणिताच्या बाईंची ती निळी लोकर नीट दिसते. बादली हलली की मावशींचे गुडघे सुटतील, आणि त्याच बैठकीत पुढचा विषय मी. बादली हलली नाही तर माझी नोकरी टिकेल, आणि त्या बसत राहतील. गुडघ्यांतून निघालेला बाण इतकी वर्षं कुठेच जात नव्हता. आता तो माझ्यापर्यंत येऊन थांबतो.

काल दुपारी चाळिसाव्या पेल्याला मावशी उठताना तीन आवाज आले. म्हणून मी अर्ज लिहिला आहे. संचालकांमार्फतच पाठवायचा असतो, तेव्हा त्यांच्या टेबलावर ठेवला आहे. त्यांनी तो न वाचता दगडी सिंहाखाली ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

प्रति,
मा. सदस्य-सचिव, हालचाल समिती
विषय: बादली हलवण्याबाबत

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, नग क्र. ३/११८ (पात्र, निळे) हा नग ओल्या अवस्थेतच, स्थिती-अहवालाशिवाय, विशेष बाब म्हणून, दोन फूट डावीकडे, फक्त दहा मिनिटांकरिता हलवण्यास परवानगी मिळावी. शिडी व फुंकर यांची व्यवस्था अर्जदाराच्या भावाकडून करण्यात येईल. तसेच सदर बैठकीत त्यापुढील क्रमांकाचा विषय वेळेअभावी घेण्यात येऊ नये, व यापुढील सर्व बैठकांतही तेवढा वेळ नसावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
नग क्र. ३/११९